कालव्याकाठी गळ टाकून बसणारे इथे कोणी आहेत का? (आणि बाबांचा टेंच)

कालवाकाठचा

इथे पाककृतीत माशांचे ढीगभर धागे आहेत, सुरमई कशी ओळखावी, बोंबील कसे दाबावेत, पण मासे धरण्यावर एकही दिसला नाही म्हणून हा काढतोय. आधीच सांगतो, मी काही तज्ज्ञ वगैरे नाही. मूळचा सांगलीकडचा, गेली नऊ वर्षं इंग्लंडमध्ये स्लाऊला आहे, आणि गेली चार वर्षं शनिवारी पहाटे उठून कालव्यावर जातो. बायकोच्या मते हे वेड आहे आणि तिचं फारसं चुकत नाही.

इथे गोड्या पाण्यातल्या मासेमारीचे सरळसरळ दोन वर्ग आहेत. सामन आणि ट्राउट हे साहेबी मासे, त्यांना म्हणायचं गेम फिश. बाकी सगळी जनता, म्हणजे रोच, ब्रीम, पर्च, टेंच, चब, बार्बेल, कार्प, पाईक, हे कोर्स फिश. कोर्स म्हणजे भरड! भरड धान्य तसे भरड मासे. आपण अर्थातच भरडवाले. भरडवाल्यांचा मुख्य नियम असा की धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा. घरी नेत नाहीत, खात नाहीत. हे ऐकून तुमचं जे तोंड झालं असेल तेच माझं चार वर्षांपूर्वी झालं होतं.

आमच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर ग्रँड युनियन कालव्याचा एक फाटा आहे, स्लाऊ आर्म म्हणतात. मुख्य कालवा लंडनहून थेट बर्मिंगहॅमपर्यंत 137 मैल जातो आणि त्यातून काउली पीची नावाच्या ठिकाणाहून हा पाच मैलांचा फाटा स्लाऊकडे येतो. 1882 साली झाला, तेव्हा विटा आणि वाळू-खडी वाहायला. यावर एकही लॉक (बोटी वर-खाली नेणारी पाण्याची दारं) नाही आणि पुढे रस्ताच संपतो, त्यामुळे बोटी फारशा येत नाहीत, त्यामुळे पाणी ढवळत नाही, त्यामुळे तळापर्यंत शेवाळ, काठाला कमळाची पानं, आणि त्या पानांखाली टेंच.

यंदा एप्रिलमध्ये आईबाबा आले. आई रमली, तिला नातवंडं आहेत, गुरुद्वाऱ्याशेजारचं भाजीचं दुकान आहे, तिथे मेथी मिळते. बाबांचं मात्र अवघड झालं. शेतकरी माणूस, चार दिवस टीव्ही बघितला, पाचव्या दिवशी खिडकीत उभे राहून शेजारच्याचं गवत कापणं बघायला लागले, एक अक्षर बोलेनात. म्हटलं चला कालव्यावर.

तर तिथे जे झालं ते सांगण्यासाठी हा धागा. पण आत्ता पोराला पोहायला न्यायचंय, उरलेलं रात्री लिहितो. तोवर तुमचे अनुभव टाका, नदी, तळं, धरण, कालवा, काहीही चालेल.

सुक्कट

मासा धरून सोडून देतात????? पोलिसात द्या त्यांना

मरळमामा

वा, शेवटी आमच्या कामाचा धागा! आम्ही उजनीवाले. बॅकवॉटरला भिगवणच्या अलीकडे बसतो, कणकेची गोळी नाहीतर गांडूळ. पण हल्ली सगळी चिलापी (तिलापिया). गळ टाकला की चिलापी, गळ काढला की चिलापी, एक झालं की दुसरी. लहानपणी शिंगटा, मरळ, वांब असं काय काय लागायचं, आता महिन्यात एखादी मरळ लागली तर पेढे वाटायचे. मरळीला बेडूक लावायचा, जिवंत, आणि काठाच्या गवतात टपटप आपटत न्यायचा. ती येते ना तेव्हा पाण्यात कोणी दगड मारल्यासारखा आवाज होतो.

सोडून देणं आपल्याला जमणार नाही बुवा. घरी जाऊन काय सांगणार.

कालवाकाठचा

मामा, मरळीचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. इकडे तसा पाईक असतो, लांबट, बदकाच्या चोचीसारखं तोंड आणि आत सातशे दात (मोजले नाहीत). पण तो थंडीतला खेळ.

हां तर बाबा. जायच्या आधी कागदपत्रं. इंग्लंडमध्ये तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला गळ टाकायला सरकारी लायसन्स लागतं, रॉड लायसन्स. नसेल तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. बाबांचं आठ दिवसांचं काढलं आणि मग कळलं की सहासष्टच्या वरच्या लोकांना वर्षाचं सवलतीत मिळतं. ते काढलं. पण लायसन्स म्हणजे सगळं झालं असं नाही, ज्या पाण्यावर बसायचं त्याची परवानगी वेगळी, क्लबचं कार्ड किंवा दिवसाचं तिकीट. मला पहिल्या वर्षी हे माहीतच नव्हतं. लायसन्स खिशात घेऊन ऐटीत बसलो होतो, एक गृहस्थ आले, अतिशय गोड बोलून माझा सगळा पसारा मलाच गोळा करायला लावला आणि गाडीपर्यंत सोडायला आले. एवढ्या सभ्यपणे मला आजवर कोणी हाकललेलं नाही.

बाबांनी सामान बघितलं आणि पहिला प्रश्न, शिसं कुठाय? आमच्याकडे तंगुसाला शिशाचा तुकडा दाताने दाबून बसवायचे, बाबांचा एक दात त्यातच गेलाय. इथे 1987 पासून ते बारीक शिशाचे मणी बंद आहेत, एक औंसापर्यंतची जवळजवळ सगळीच वजनं. कारण काय तर हंस. राजहंस तळातून खडे टिपतात तसे हे मणी टिपायचे आणि शिशाच्या विषाने मरायचे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, हंसासाठी सरकारनं कायदा केला? म्हटलं हो. मग बराच वेळ ते समोरच्या हंसाकडे बघत बसले. हंस आमच्या पावाकडे बघत होता.

आमिष बघून मात्र खूष झाले. इकडे मुख्य आमिष म्हणजे माशीच्या अळ्या, मॅगट, दुकानात पाइंटच्या मापाने मिळतात, पांढऱ्या, लाल, पिवळ्या. आणि दुसरं हेम्प. म्हणजे भांगेचं बी. शिजवलं की फुटतं आणि आतून पांढरा कोंब डोकावतो, रोचला प्रचंड आवडतं.

भाकरीपिठलं

भांग पाजून मासे धरता आणि वर आम्हाला सभ्यता शिकवता होय!

कालवाकाठचा

हाहा, त्या बियांनी नशा वगैरे काही होत नाही. बाबांनीही हेच विचारलं होतं. चार दाणे तोंडात टाकून बघितले पण.

रानजाई

मला या विषयातलं काही कळत नाही आणि मी मासे खात नाही हे आधीच सांगते. पण खरंच विचारतेय, भांडायला नाही. खाण्यासाठी धरणं एक वेळ समजू शकते, पोटाचा प्रश्न असतो. नुसतं ओठात आकडा घालून ओढून काढायचं, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचं, हे त्या माशाच्या बाजूने बघितलं तर जास्त वाईट नाही का? तो उपाशी माणसाच्या पोटातही गेला नाही. तुमच्या करमणुकीसाठी त्याने एवढं सोसलं.

श्टुटगार्टकर

रानजाई, तुमचा प्रश्न इथे जर्मनीत कायद्यानेच सोडवलाय, आणि इंग्लंडच्या बरोबर उलटा! इथे लायसन्ससाठी परीक्षा द्यावी लागते, माशांच्या जाती, रोग, कायदा, आणि मासा लगेच आणि नीट मारायचा कसा हेसुद्धा. प्राणिसंरक्षण कायदा म्हणतो की सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देता येणार नाहीत आणि खाणं हे सबळ कारण. मग खायचा नसेल तर धरायचा कशाला, असा सरळ हिशेब. लहान असेल किंवा त्या जातीचा बंदीकाळ असेल तर सोडावाच लागतो, पण चांगला मोठा कार्प धरून नुसता फोटो काढून सोडला आणि तो फोटो नेटवर टाकला तर तक्रार होऊन प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. माझ्यासोबत काम करणारा एक इंग्रज इथे येऊन फार गोंधळला होता. तिकडे मासा घरी नेला तर लोक चोर म्हणतात, इकडे सोडला तर गुन्हेगार.

मी परीक्षा पास झालोय. तीन वर्षांत दोन मासे. एकूण खर्च भागिले दोन केलं तर जगातले सगळ्यात महाग मासे मी खाल्लेत.

सुक्कट

जर्मनीला नागरिकत्वाचा अर्ज कसा करायचा कोणी सांगेल का

कालवाकाठचा

रानजाई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. काही लोक सांगतात की माशांना वेदना होतच नाहीत, पण 2003 साली स्कॉटलंडमधल्या रॉसलिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी ट्राउटच्या तोंडाभोवती वेदना जाणवणारे मज्जातंतू दाखवले होते, ओठात मधमाशीचं विष किंवा ॲसिटिक आम्ल टोचल्यावर ते मासे अंग हलवायला लागले, आणि आम्ल टोचलेले तर तळाच्या खड्यांवर तोंड घासायला लागले. तेव्हा ‘त्यांना काही होत नाही’ असं मी म्हणणार नाही. आम्ही काय करतो तेवढं सांगतो. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे पटकन सुटतो. मासा ओल्या हाताने धरायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी लागते. ओल्या चटईवर ठेवायचा, दगडावर नाही. हे सगळं करूनही तुमचा प्रश्न उरतोच. बाबांनीही तोच विचारला, फक्त वेगळ्या भाषेत. येतो त्यावर.

वलगण

महाडकडचा आहे, म्हणून नाव वलगण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पहिला मोठा पाऊस पडला की अंडी भरलेले मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून शेतात चढतात, ती वलगण. अख्खा गाव रात्री बॅटऱ्या, घमेली, टोपल्या घेऊन बाहेर. चव विचारू नका. पण आता कळतं की अंड्यावरची मादी मारायची म्हणजे पुढच्या वर्षीचं घमेलं आजच रिकामं करायचं. समुद्रात 1 जून ते 31 जुलै बंदी असते, यांत्रिक बोटी बाहेर जात नाहीत. नदीला कोण विचारतो?

आणि सोडून देणं परदेशी आहे असं कोणी समजू नका. आमच्या तालुक्यात वाळणकोंड आहे, काळ नदीवर. वरदायिनीचं ठिकाण. डोहात हातहात लांबीचे मासे, तुम्ही लोक महसीर म्हणता ते, चुरमुरे टाकले की पाणी उकळल्यासारखं होतं. एकही माणूस गळ टाकत नाही. देवीचे मासे. धरायचेच नाहीत, मग सोडायचा प्रश्नच येत नाही. वाड्याजवळ तिळशाला वैतरणेवर पण तसंच आहे, महादेवाचे मासे. आणि त्याच नद्यांवर थोडं वर-खाली गेलं की सुरुंग लावून मासे मारणारे पण आपलेच.

मरळमामा

सुरुंगवाल्यांबद्दल बोलू नका, डोकं फिरतं. आणि विजेची तार टाकणारे. पिल्लंसुद्धा शिल्लक राहत नाहीत.

कालवाकाठचा

वलगण, वाळणकोंडीला लहानपणी गेलोय! बाबांनीच नेलं होतं, महाडला आत्या होती.

इकडची बंदी पण थोडी तशीच आहे, म्हणजे विणीचा काळ. नद्यांवर 15 मार्चपासून 15 जूनपर्यंत कोर्स फिशिंग पूर्ण बंद, 16 जूनला सुरू. लोक रजा टाकतात, काही जण तर आदल्या रात्रीच नदीवर जाऊन बसतात आणि रात्री बाराच्या ठोक्याला गळ टाकतात. आपल्याकडे पेरणीची तारीख असते तशी इथल्या गळवाल्यांची 16 जून. बहुतेक तळ्यांवरची बंदी 1995 मध्ये उठली आणि कालव्यांवरची 2000 मध्ये, म्हणून मी मे महिन्यात बाबांना घेऊन कालव्यावर बसू शकलो.

आता ती सकाळ. पहिल्या दोन खेपांना बारके रोच लागले होते, बोटभर, बाबांनी तोंड वाकडं करून सोडले. असले तर आमच्या विहिरीत पण हायत. तिसऱ्या खेपेला पहाटे साडेपाचला पोचलो. आमच्या जागेच्या शेजारी एक म्हातारे इंग्रज गृहस्थ नेहमी बसतात, पंचाहत्तरीच्या पुढचे, हिरवी छत्री, पत्र्याच्या डब्यात सँडविच. बाबा आणि ते एकमेकांना मान डोलावतात. त्यांना मराठी येत नाही, बाबांना इंग्रजी येत नाही, आणि दोघांनाही बोलायचं नसतं, त्यामुळे जमतं.

त्या दिवशी बाबांनी घरून कणीक मळून आणली होती, हळद आणि हिंग घालून, आईला न सांगता. ते गृहस्थ वास घेत आले. गोळी हातात घेतली, चुरली, हुंगली आणि स्वतःचा मॅगटचा डबा उघडून दाखवला. अळ्या पिवळ्याधमक. हळद! हळकुंडाची पूड लावतात इथले जुने गळवाले अळ्यांना, कधीपासूनचं आहे ते. बाबा मला म्हणाले, ‘सांग त्याला, सांगलीची हळद हाय म्हणून.’ मी सांगितलं. त्यांना सांगली कुठे आहे माहीत नव्हतं पण हळद त्याच गावची असणार असं त्यांनी मान्य केलं.

फ्लोट, म्हणजे मासा लागला की हलणारी तरंगती काडी, मोरपिसाचा होता. इकडे दुकानात मोरपिसाचे फ्लोट मिळतात, पीकॉक वॅगलर. बाबा म्हणाले आम्ही गरिबीत ज्वारीच्या धाटाचं भेंड लावायचो आणि मोरपीस लावणारा म्हणजे पाटलाचा पोरगा.

सहाच्या सुमारास कमळाच्या पानांच्या कडेला बुडबुडे यायला लागले. मोठे नाही, सोड्याच्या बाटलीत येतात तसे बारीक, झुपक्याने, आणि एका जागी नाही, हळूहळू सरकत. टेंच तळातला चिखल उकरत चालला की असे येतात. बाबांना सांगावं लागलं नाही. त्यांनी फ्लोट बरोबर बुडबुड्यांच्या पुढे एक हातावर टाकला आणि बसले. दहा मिनिटं काही नाही. मग फ्लोट हलला. बुडाला नाही, उलट वर आला. दोन इंच वर आला आणि आडवा झाला पाण्यावर. मी ओरडणार होतो की ओढा, कारण टेंच तळावरचं आमिष तोंडात घेऊन डोकं वर करतो, मग खालचं वजन उचललं जातं आणि फ्लोट असा झोपतो, हे शिकायला मला दोन वर्षं लागली होती. पण बाबांनी माझ्या आधीच काठी उचलली होती.

पुढची पाच मिनिटं मी काही मदत केली नाही. मासा पानांत घुसायला बघत होता आणि बाबा काठी आडवी करून त्याला बाहेर वळवत होते, तोंडाने काहीतरी पुटपुटत, बैलाला बोलतात तसं. शेजारचे गृहस्थ जाळं घेऊन गुडघ्यावर बसले होते. साडेतीन पौंड, म्हणजे दीड किलोच्या थोडा वर. शेवाळी सोनेरी रंग, खवले इतके बारीक की कातड्यासारखा गुळगुळीत, पंखे गोल, आणि डोळा लालचुटुक, गुंजेएवढा.

बाबा म्हणाले, ‘आरं बघतोस काय, पिशवी काढ की.’

म्हटलं बाबा, हा सोडायचा.

‘सोडायचा? मग धरला कशाला?’

भाकरीपिठलं

अहो पुढे??? इथे कुठे थांबताय

कालवाकाठचा

थांबलो नव्हतो, चहा ओतत होतो.

मी कायदा सांगितला. नदीवर अजून थोडी मुभा आहे, जागेच्या मालकाची हरकत नसेल तर दिवसाला एक पाईक, तोही 65 सेंटीमीटरच्या आतला, आणि 20 सेंटीमीटरपर्यंतचे बारके मासे पंधरा, एवढं नेता येतं. पण कालव्यातला मासा मालकाच्या परवानगीशिवाय नेला तर चोरी. बाबा कायद्याला मानणारे आहेत, गप्प बसले, पण चेहऱ्यावर पटलेलं नव्हतं. मासा ओल्या चटईवर होता. त्या गृहस्थांनी कालव्याचं पाणी ओंजळीने त्याच्या अंगावर घातलं, एकदा, दोनदा. बाबांनी ते बघितलं, मग स्वतः हात पाण्यात बुडवले, गळ काढला, आणि मासा उचलून काठावर गुडघे टेकून पाण्यात धरला. सोडला नाही लगेच. तो दोन्ही हातांच्या मध्ये कल्ले हलवत उभा होता, बराच वेळ, जाऊ शकत असून जात नव्हता. मग शेपटीचा एक फटका आणि बाबांच्या चष्म्यावर पाणी.

घरी येताना गाडीत म्हणाले, तुझ्या आजाला हे सांगितलं असतं तर त्यानं मला काठीनं हाणला असता. आणि थोड्या वेळाने, उद्या किती वाजता निघायचं?

वलगण

क्या बात. बैलाला बोलतात तसं, हे वाचून आमचे आजोबा दिसले.

डॉक्टरीणबाई

छान लिहिलंय, पण जरा रंगाचा भंग करते. हाताला चीर, खरचटलेलं काही असेल तर कालव्याच्या पाण्यात हात घालताना जपा. उंदीर असतात, त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. मुंबईत 2005 च्या पुरानंतर आम्ही पेशंट बघितलेत, सुरुवातीला साधा ताप आणि पोटऱ्या दुखणं, लोक अंगावर काढतात आणि मग कावीळ, किडनी. घरी आल्यावर साबणाने हात, आणि सँडविच खायच्या आधी पण. मासे धरून आलात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला मासेमारीचं आवर्जून सांगा, नाहीतर तिकडे कुणाच्या डोक्यात येणार नाही.

कालवाकाठचा

डॉक्टरीणबाई, धन्यवाद. इकडे त्याला वाइल्स डिसीज म्हणतात, क्लबच्या कार्डावर मागे छापलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. मीही नाही. आता वाचलं.

ब्रमीभाऊ

बर्मिंगहॅमहून हजेरी. आमच्याकडचा प्रकार वेगळा, आम्ही मॅचवाले, म्हणजे स्पर्धावाले. रविवारी सकाळी पबसमोर जमायचं, चिठ्ठी काढायची, जो नंबर येईल त्या जागेवर पाच तास. 22 नंबरचा गळ, म्हणजे आपल्या घड्याळ दुरुस्तीवाल्याला भिंगातून बघावा लागेल एवढा, त्यावर एक अळी, आणि बोटभर रोच-पर्च एकामागून एक. शेवटी वजन पौंड-औंसांत. मी एकदा पाच तासांत सहा औंस आणले होते आणि तरी शेवटून दुसरा आलो, यावरून शेवटच्याची कल्पना करा.

पोल वापरतो, बिनरिळाची काठी, तुकडे जोडत जोडत तेरा-चौदा मीटरपर्यंत. समोरच्या काठाला मासे असतात म्हणून. आता मासा लागला की ही चौदा मीटरची काठी मागे सरकवायची, आणि मागे असतो टोपाथ, पूर्वी बोट ओढणाऱ्या घोड्यांचा रस्ता, आणि आता त्यावरून सायकलवाले. काय काय ऐकलंय मी त्या रस्त्यावर! मीही त्यांना मराठीतून उत्तर दिलंय, त्यांना कळत नाही ते बरं.

नवख्यांना एक गंभीर सूचना. ही काठी कार्बनची असते, वीज वाहते. वरून तारा जात असतील तिथे बसूच नका, पाट्या लावलेल्या असतात त्या शोभेच्या नाहीत.

आमच्या कालव्यांत झँडर नावाचा शिकारी मासा पण आहे. हा इथला नाही, युरोपातून आणलेला, 1963 मध्ये पूर्वेकडे ग्रेट ऊजच्या एका चॅनलमध्ये शंभराच्या आत पिल्लं सोडली होती, आणि आता इकडे कालव्याकालव्यांत. खायला मात्र अप्रतिम, युरोपात हॉटेलात मिळतो. मामांच्या चिलापीची गोष्ट तीच. आणला कोणी आणि निस्तरतंय कोण.

मरळमामा

बरोबर. चिलापी पण आणलेलीच. पण भिगवणला हॉटेलात तळलेली चिलापी खायला पुण्याहून गाड्या येतात हेही खरं, मग कुणाला नको असणार.

रानजाई

कालवाकाठचा, तुमच्या बाबांचा प्रसंग दोनदा वाचला. माझं मत बदललेलं नाही. पण तो मासा ‘जाऊ शकत असून जात नव्हता’ ते त्याच्यात त्राण नव्हतं म्हणून, बाबांवर प्रेम बसलं म्हणून नाही, एवढं लक्षात असू द्या.

कालवाकाठचा

मान्य. दमलेलाच असतो. म्हणूनच धरून ठेवायचा, लगेच सोडला तर उलटा होतो.

गृहलक्ष्मी_स्लाऊ

मी धागाकर्त्याची बायको. एवढं सगळं लिहिलं पण फ्रिजचं लिहिलं नाही. अळ्यांचा डबा फ्रिजमध्ये असतो, दह्याच्या मागे. सासूबाईंनी दही समजून उघडला. दुसरा एक डबा गॅरेजमध्ये विसरला होता, त्या अळ्यांचे कोष झाले आणि कोषांच्या माश्या, आणि मे महिन्याच्या अखेरीस आमच्याकडे सत्यनारायण होता. बाकी चालू द्या.

सुक्कट

आजचा सर्वोत्तम प्रतिसाद

कालवाकाठचा

मी आता काही बोलत नाही. वेगळा छोटा फ्रिज घेतलाय.

कालवाकाठचा

धागा वर काढतोय. बाबा जूनच्या पहिल्या आठवड्यात परत गेले, पेरणी म्हटल्यावर थांबणार नव्हतेच, त्यामुळे त्यांची 16 तारीख हुकली. शेजारच्या गृहस्थांनी निरोप म्हणून त्यांना एक मोरपिसाचा फ्लोट दिला, स्वतः केलेला, दोऱ्याने गुंडाळून वर लाल रंग. बाबांनी त्यांना हळदीचं पाकीट दिलं, आईच्या सामानातलं.

16 जूनला मी एकटा केनेट नदीवर गेलो, बार्बेलच्या आशेने. हॅमचा तुकडा लावला की दोन मिनिटांत काठीचं टोक थरथरायचं, ओढलं की रिकामं. सिग्नल क्रेफिश, अमेरिकेतून आणलेले, चिंबोरीचे चुलतभाऊ म्हणा, नदीचा तळ भरलाय त्यांनी. सहा तास मी त्यांना जेवू घातलं. मासा शून्य.

रात्री बाबांचा फोन. हरिपूरला संगमावर जाऊन बसले होते, पाणी नुकतंच गढूळ व्हायला लागलंय, नवा फ्लोट लावला आणि दोन वांबी लागल्या. म्हटलं सोडल्या का? म्हणाले, ‘येडा हाईस काय, तुझ्या आईनं कालवण केलंय.’ आई मागून सांगत होती, तिखट जास्त झालंय. मग म्हणाले, येताना ते बिनकाट्याचे गळ आण चार पाकिटं, इथं सांगलीत मिळंनात. मी विचारलं खायचेच आहेत तर बिनकाट्याचे कशाला. तर म्हणे काढायला सोपे पडतात, हात थरथरतो आता, आणि बारकी पोरं लागली की सोडायला बरी.

मरळमामा

कुठल्या नंबरचे मागवलेत? मलाही दोन पाकिटं हवीत, पैसे देतो.

कालवाकाठचा

14 आणि 16. मरळीला नाही चालणार मामा, तिला मोठे बघतो. डिसेंबरमध्ये येतोय, भिगवणला उतरतो.